कोळशाची मालगाडी आणि सात अठ्ठावन्नची लोकल

दादा कल्याणहून आमच्याकडे आला की चहाच्या आधी फ्रिजवर लावलेलं वीजबिल काढून हातात घेतो. वीज मंडळाच्या बिलिंगमध्ये त्याची सगळी नोकरी गेली. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी तो अजून 'आमचं मंडळ'च म्हणतो. बाकीचे लोक पेपर उघडून आधी भविष्य बघतात, तसा हा बिलात आधी युनिटं बघतो.

"एकशे अठरा," तो म्हणाला. "अठरा युनिटांसाठी वरच्या स्लॅबात गेलीस."

"थंडी आहे. गीझर लागतो."

"मग तक्रार करायची नाही."

मी तक्रार केलेलीच नव्हती. मी गॅसवर वांगी भाजत होते. आमच्या शेंदुर्णीला भरताची वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजत. इथे बदलापुरात तुराट्या कुठून आणू? एकेक वांगं नीट आतपर्यंत शिजेस्तोवर गॅस जळत राहतो आणि तेवढा वेळ माझ्या डोळ्यांसमोर सिलिंडरची किंमत असते. भरताची चव त्यामुळे थोडी कमी होते, असं माझं मत आहे.

लेक खिडकीशी बसून पर्सचा बंद शिवत होती. शुक्रवारी संध्याकाळी घाटकोपरला चढलेल्या लोंढ्यात तो तुटला होता. सकाळी सात अठ्ठावन्नची पकडून ती मस्जिदला जाते, हिशेबाचं काम करते आणि रात्री आठ वाजता घरी येते. सुईतून मान वर न करता ती म्हणाली, "मामा, तुझी ती पहिल्या शंभर युनिटांची सवलत परत घे आणि त्या पैशांत मला बदलापूरहून एक जादा गाडी दे."

वांगी भाजून, सोलून, ठेचून होईपर्यंत मग या दोघांचं थांबलं नाही.

"गाडी तुला फुकटातच मिळतेय," दादा म्हणाला. "किमान तिकीट पाच रुपये. तेवढ्यात आता कटिंग चहा तरी येतो का? आणि पास? महिन्याला पन्नास फेऱ्या करतेस, पैसे पंधराएक फेऱ्यांचे भरतेस. तिकिटावर छापून आलं होतं, आठवतं? प्रवासाच्या खर्चातले ५७ टक्केच रेल्वेला तिकिटातून मिळतात म्हणून."

"आठवतं. तिकीट काढलेल्या माणसाला लाज वाटावी म्हणून छापलेलं. विनातिकीटवाल्याला काही छापून देता येत नाही ना."

"लाजेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. मंत्र्यांनीच संसदेत सांगितलेला आकडा आहे, २०२२-२३ या एका वर्षात प्रवाशांच्या भाड्यापोटी रेल्वेनं सोसलेले ५६,९९३ कोटी. कोणासाठी? तुझ्या डब्यात शेअर बाजारात काम करणारीही त्याच पासावर येते आणि चार घरची धुणीभांडी करणारीही. दोघींना सारखीच सवलत. ही मदत नाही, ही उधळण आहे. सरकारनं मदत जरूर करावी, पण नाव विचारून करावी. ज्याला गरज आहे त्याच्या घरात जावी."

दादा हे नुसतं बोलत नाही, हे सांगायला हवं. २०१५ साली गॅसची सबसिडी सोडायचं आवाहन झालं, तेव्हा आमच्या नात्यात ती सोडणारा हा पहिला. आम्ही बाकीचे "बघू, बघू" करत राहिलो. मग २०२० च्या उन्हाळ्यापासून आमच्याही खात्यात सबसिडी यायची थांबली. आम्हाला कुणी आवाहनसुद्धा केलं नाही.

"नाव विचारून," लेक म्हणाली. "नाव विचारल्यावर काय होतं ते आईला विचार."

तिचा रोख आमच्या मावशींवर होता. मावशी आमच्याकडे भांडी घासायला येतात. २०२४ साली राज्य सरकारनं वर्षाला तीन सिलिंडर मोफत द्यायची अन्नपूर्णा योजना काढली, तेव्हा त्या खुशीत होत्या. पण जोडणी बाईच्या नावावर हवी, आणि मावशींच्या घरची जोडणी सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. मृत्यूचा दाखला गावी, गाव लातूरकडे. एजन्सीत तीन खेपा झाल्या, तीन दिवसांचे खाडे झाले, दोन घरांनी पैसे कापले. (आम्ही कापले नाहीत. हे लिहायचं कारण नव्हतं, पण लिहिलं.) शेवटी नाव बदललं. मग कळलं की आधी पूर्ण पैसे भरायचे आणि नंतर ते खात्यात येतात. ज्या बाईला महिन्याच्या वीस तारखेला सिलिंडरचे पैसे उसने घ्यावे लागतात, तिला 'नंतर' या शब्दाचा काय उपयोग?

"म्हणजे योजना वाईट नाही," दादा म्हणाला, "कागद वाईट."

"मामा, कागद हीच योजना असते. लोकलचा पास काढताना कुणी विचारतं का, सासरे कधी गेले म्हणून? खिडकीत ओळखपत्र दाखवलं, पैसे दिले, पास हातात."

दादानं बिलाची घडी घातली. तो घडी घालतो तेव्हा त्याच्याकडे मुद्दा असतो. "मग माझ्या स्लॅबला कुठे अर्ज लागतो? शंभर युनिटांच्या आत कमी दर, पुढच्या टप्प्याला दुपटीहून जास्त. मीटर फिरला की सवलत मिळाली. कुणाचा फोटो नाही, कुणाची सही नाही. आणि लोकांचा एक मोठा गैरसमज असतो, एकशे एकावं युनिट जळलं की सगळं बिल वरच्या दरानं येतं. अजिबात नाही. पहिली शंभर कमीच दरानं लागतात. वरची अठराच महाग. तीस वर्षं काउंटरवर हे समजावलं मी."

"मघाशी आईला तर असं म्हणालास की जणू घर बुडालं."

"तिला घाबरवायला म्हणालो."

हे मला नवीन होतं. मी त्या अठरा युनिटांच्या धास्तीनं आठवडाभर कोमट पाण्यानं आंघोळ केली होती.

लेकीनं दोरा दातानं तोडला. "स्लॅब मला मान्य आहे, मामा. खरंच मान्य आहे, कारण तो माझ्या पासासारखाच आहे. न मागता मिळतो. पण मग तुझं 'नाव विचारून' कुठे गेलं? पहिल्या शंभर युनिटांचा कमी दर बंगलेवाल्यालाही मिळतोच की."

दादा हसला. त्याला कुणी बरोबर पकडलं की तो हसतो, म्हणून तर त्याच्याशी वाद घालायला मजा येते. "मिळतो. पण तो पुढे पाचशे युनिटं जाळतो आणि तिथे आम्ही वसूल करतो. शिवाय कारखान्याकडून, मॉलकडून. त्यात सरकारी तिजोरीचा पैसा नसतोच फारसा. वरचा खालच्याला देतो."

"आणि सरकार?"

"सरकार बिलावर १६ टक्के वीज शुल्क घेतं," दादा जरा हळू म्हणाला.

"म्हणजे घेणारा हात घरोघरी पोचतो. देणाऱ्या हाताला मात्र नाव लागतं."

इथे मला बोलावंसं वाटलं, कारण दोघांनाही एक गोष्ट माहीत नव्हती, किंवा दादाला माहीत असून तो बोलत नव्हता. मावशी राहतात त्या चाळीत पाच खोल्या आहेत आणि मीटर एकच, मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीला मालकानं आपला सबमीटर लावलाय आणि दर मालक ठरवतो. पाच बिऱ्हाडं मिळून चारशे युनिटं झाली तर कमी दराची शंभर पाचांत मिळून एकदाच. मावशींच्या खोलीत दोन दिवे, एक पंखा, एक जुना टीव्ही. त्यांची स्वतःची युनिटं साठही होत नसतील. पण युनिटामागे त्या आमच्यापेक्षा जास्त पैसे भरतात.

"हे तुला ठाऊक होतं ना?" मी दादाला विचारलं.

"होतं," तो म्हणाला. "आमच्या लेखी ते एक घर होतं. एक मीटर, एक घर."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मी वांग्याची सालं काढत होते. बोटं भाजत होती.

मग दादाच पुढे म्हणाला, दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणखी स्वस्त दर आहे, महिन्याला सरासरी तीस युनिटांपर्यंत. त्यानं हिशेब केला: पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिटं. उरली साडेसात. "उन्हाळ्यात पोरासाठी पंखा रात्रभर लावला आणि दिवसाही लावला, की ती बाई गरीब राहत नाही," तो म्हणाला. हे वाक्य तो कुणाच्या बाजूनं बोलला ते मला अजून कळलेलं नाही.

लेक मात्र तेवढ्यावर सोडणारी नव्हती, आणि गाडीचा विषय तिनं परत रुळावर आणला. "आता माझं ऐक. लोकल स्वस्त आहे म्हणून मी खूश आहे, असं तुला वाटतं. २०१४ च्या जूनमध्ये काय झालं? पासाला पंधराऐवजी तीस फेऱ्यांचे पैसे लावायचं जाहीर केलं. चार दिवसांत सेकंड क्लासच्या पासाची वाढ मागे. ऑक्टोबरात विधानसभा होती ना! सगळ्या पक्षांनी श्रेय घेतलं. मी तेव्हा कॉलेजात, आम्ही पेढे वाटले असते. आता वाटतं, त्या चार दिवसांत एकानं तरी विचारायला हवं होतं की पैसे वाढवून देतो, पण गाड्या किती वाढवता?"

"बघ! म्हणजे भाडं वाढवायला तुझी हरकत नाही."

"माझी नाही. मावशींची आहे. त्यांची बहीण कसाऱ्याहून येते. मुंबईत जो जितका गरीब, तितका लांब राहतो. भाडं अंतरावर असतं, मामा. ते वाढलं की आधी कसारा, कर्जत, विरार भरतात. दादरवाला भरत नाही." मग जरा थांबून, "आणि स्वस्त पासाचाच आम्हाला धाक घालतात. गर्दीबद्दल बोललं की उत्तर येतं, एवढ्या पैशांत आणखी काय हवं? ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. चौदा वर्षं. कल्याणच्या पुढे आम्हाला दोनच रूळ. त्यावरून लोकलही जाते, पुण्याची एक्स्प्रेसही आणि मालगाडीही. तिसरी-चौथी मार्गिका २०१९ पासून मंजूर आहे. गेल्या जूनमध्ये, २०२५ च्या, मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं पडली. ती काय पास स्वस्त होता म्हणून लटकली होती?"

"एसी लोकल आणल्या की."

"आणल्या आणि साध्या काढून आणल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्याच स्टेशनवर लोक मास्तरांच्या ऑफिसात घुसले होते, विसरलास? रेल्वेला त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. टीव्हीवर म्हणत होते, मुंबईकरांना एसी नको. एसी कुणाला नको असतं? आमच्या वेळेची साधी गाडी गेली होती. तिकिटाचे पैसे कमी-जास्त चालतात. सात अठ्ठावन्न गेली तर पुढची आठ तेवीस, आणि तिकडे मस्टर नऊ पंचेचाळीसला बंद."

दादानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आता मी तुला एक गंमत सांगतो. तुझा पास कोण भरतं माहीत आहे?"

"देशाचा सर्वसामान्य नागरिक. तिकिटावर तेही छापतात."

"नाही. तो छापील भाग झाला. खरा पैसा येतो मालगाडीतून. प्रवाशांत रेल्वेला तोटा, तो मालभाड्यातून भरून काढतात. आणि मालात सगळ्यात मोठा वाटा कशाचा? कोळशाचा. वजनाच्या हिशेबानं निम्म्याच्या आसपास. आणि तो कोळसा जातो कुठे?"

मला उत्तर माहीत होतं, आणि दादाला माहीत होतं की मला ते माहीत आहे. आम्ही लहान असताना भुसावळला आत्याकडे जायचो. तिथे फाटकात टांगा अडायचा आणि नागपूरच्या बाजूनं आलेली कोळशाची मालगाडी संथ जात राहायची. आम्ही वाघिणी मोजायचो. दादा नेहमी माझ्यापेक्षा दोन जास्त मोजायचा. आत्याचे यजमान दीपनगरच्या वीज केंद्रात होते.

"दीपनगरला," मी म्हटलं.

"दीपनगरला, कोराडीला, खापरखेड्याला. म्हणजे बघ. हिचा पास स्वस्त ठेवायचा म्हणून कोळशाचं भाडं जास्त. भाडं जास्त म्हणून वीज महाग. वीज महाग म्हणून गरिबाला स्लॅबात सवलत. सवलत द्यायची म्हणून कारखान्याला दर जास्त. कारखाना तो दर बिस्किटाच्या पुड्यात घालतो. आणि तो पुडा ही रोज संध्याकाळी स्टेशनवर घेते."

लेक हसायला लागली. मग हसता हसता थांबली. "थांब, मामा. म्हणजे मावशी सबमीटरवर मालकाच्या दरानं जी वीज जाळतात, त्यातले काही पैसे माझ्या पासात येतात?"

"येतात."

"आणि त्या स्वतः लोकलनं जातच नाहीत. सगळी घरं चालत्या अंतरावर."

"म्हणून तर मी म्हणतो, नाव विचारा. हे असं आंधळं फिरवलं की कुणाचं कुणाला जातं, कळत नाही."

"आणि मी म्हणते, नाव विचारायला बसलात की मावशी तीन खेपा घालतात आणि तुझ्यासारख्याला घरबसल्या मिळतं." ती दादाकडे बोट दाखवून म्हणाली, "छतावर सोलर कुणी बसवलं? तीन किलोवॅट. ७८ हजार अनुदान. बंगला तुझा, छत तुझं, बिल जवळजवळ शून्य. मावशींना छत कुठलं? आम्हाला तरी कुठलं? आमच्या सोसायटीला बसवता येतं, किलोवॅटला १८ हजार मिळतात, पण लिफ्टसाठी आणि पंपासाठी. गीझरसाठी नाही. आणि तेही मिळायला गच्चीवर कुणाची टाकी कुठे हलवायची, यावर दोन वार्षिक सभा झाल्या."

दादा यावर काही बोलला नाही. सोलरचा त्याला अभिमान आहे; येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मोबाइलवर आज किती युनिटं झाली ते दाखवतो. त्या दिवशी दाखवलं नाही.

वांगी ठेचताना मला मात्र वेगळंच आठवत होतं. या दोघांचं भांडण ज्या मदतीवर चाललं होतं, ती निदान जाहीर झालेली तरी होती. वाढवली तर बातमी, कमी केली तर मोर्चा. आमच्या गावच्या गाडीचं तसं झालं नाही. पाचोरा ते जामनेर छप्पन्न किलोमीटर नॅरोगेज, सगळा मुलूख तिला 'पीजे' म्हणायचा. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ती इतकी सावकाश जायची की सायकलवाला शेजारून गप्पा मारत येई. शाळेतली पोरं, बाजाराच्या बायका, दुधाच्या किटल्या, पाचोऱ्याला मुंबईची गाडी गाठणारे. शंभर वर्षं चालली. मार्च २०२० मध्ये लॉकडाउनला सगळ्या गाड्यांबरोबर थांबली. बाकीच्या सुरू झाल्या, ती झाली नाही. रूळ रुंद करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालंय, म्हणतात. चांगलंच आहे. पण जुनी गाडी बंद करायला कुणाला निर्णय जाहीर करावा लागला नाही, कुणाला सभागृहात उत्तर द्यावं लागलं नाही. नुसतं सुरू केलं नाही.

हे मी बोलून दाखवलं तर दादा म्हणाला, "त्या गाडीला उत्पन्न काय होतं? आता एसटीत तुम्हा बायकांना अर्धं तिकीट आहेच की, २०२३ पासून. मलाही अर्धं."

"एसटी आली तर अर्धं," मी म्हटलं. "पहूरच्या फाट्यावर उभं राहून बघ एकदा. न आलेल्या एसटीचं अर्धं तिकीट किती होतं?"

लेक माझ्या बाजूनं आली. पॅसेंजर गाड्यांचंही तसंच केलं, म्हणाली. लॉकडाउननंतर त्याच गाड्या, तेच डबे, नाव मात्र 'स्पेशल', आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये. भाडेवाढ झाली असं कुठेच कुणी म्हटलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये परत दहा झालं, निवडणुका तोंडावर होत्या. "आई, तुझ्या पीजेला कुणाचं नाव नव्हतं ना, म्हणून. 'अमुकतमुक नॅरोगेज सन्मान योजना' असती आणि डब्यावर फोटो असता, तर बंद करायची कुणाची छाती झाली नसती."

"फोटो लावून का होईना, चालू दे," मी म्हटलं.

"तुम्ही दोघी भावनेवर चाललात," दादा म्हणाला. "भरीत झालं का?"

जेवताना विषय निघाला नाही. कळण्याच्या भाकरी, भरीत, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. दादानं तीन वेळा भरीत घेतलं आणि तुराट्यांवरच्या भरिताची सर याला नाही, हे चौथ्यांदा सांगितलं. मावशी भांडी घासून गेल्या. त्यांना डब्यात भरीत दिलं, तर म्हणाल्या, आमच्याकडे याला इतकं तेल नाही घालत.

साडेपाचला दादा निघाला. लेक त्याला स्टेशनवर सोडायला गेली. तिला पर्सला नवी चेनही लावून घ्यायची होती. परत यायला तिनं बराच वेळ लावला. मी विचारलं, एवढा उशीर?

"मामाला गाडीत बसवून आले," ती चपला काढत म्हणाली. "फलाटावर गेलो तेव्हा एसी उभी होती. रिकामी. म्हटलं, मामा, यानं जा, मी काढते तिकीट मोबाइलवर. तर नको म्हणाला."

"का?"

"कल्याणपर्यंत एवढे पैसे कशाला, मागून साधी येतेय म्हणाला." तिनं पर्स खुंटीला अडकवली. "ती पंचवीस मिनिटांनी आली. उभ्यानं गेला."